साडेसहाचा क्लास आणि स्कूटरची चावी: एक प्रकरण अभ्यास

उसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव आणि तिथलं माध्यमिक विद्यालय. दहावीतला, नुकतीच सोळा पूर्ण झालेला एक मुलगा नऊ किलोमीटरवरच्या खेड्यातून इथे येतो. अभ्यासात मधला, स्वभावानं मवाळ. शिक्षकांच्या तक्रारीत त्याचं नाव कधी आलं नव्हतं. डिसेंबरातल्या एका पहाटे त्याच्या हातातली स्कूटर रस्त्याकडेच्या चारीत गेली. मागं बसलेल्या दोघांपैकी एकाचं मनगट मोडलं. तिघांनी मिळून घरी सांगितलं की तो क्लासच्या जिन्यावरून पडला.

शाळेत समुपदेशनाचं काम करताना अशी घरं मला पुन्हा पुन्हा भेटतात. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील इथे एकत्र केले आहेत आणि मुलांची नावं दिलेली नाहीत. पौगंडावस्थेतल्या मुलांना जबाबदारीनं निर्णय घ्यायला कसं शिकवायचं यावर आपल्याकडे बरंच बोललं जातं, पण त्यात निर्णय फक्त मुलाचा असतो असं धरून चालतात. या प्रकरणात तसं धरलं असतं तर पहिल्या पायरीवरच गाडं अडलं असतं.

निर्णय घरातून कसा आला

शाळा अकरा ते पाच. गणित-विज्ञानाचा क्लास शाळेआधी, सकाळी साडेसहाला. मुलाच्या गावातून पहिली एसटी सव्वासातला. वडील गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करतात. पहाटे पाच ते आठ त्यांना जागचं हलता येत नाही. आई गाडी चालवत नाही. क्लासची फी तर आधीच भरलेली. जूनमध्ये वडील म्हणाले, "गाडी घेऊन जा, हळू चालव." एवढ्या एका वाक्यात घराची अडचण सुटली. वडिलांना वेळ मिळाला, आईची काळजी मिटली आणि मुलाला गाडी मिळाली. तिघांचाही फायदा होता, म्हणून त्यावर पुन्हा बोलण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

दसऱ्यानंतर शेजारचा मित्र मागं बसू लागला, दिवाळीनंतर आणखी एक. पेट्रोलची वर्गणी ठरली. त्या दोघांच्या आयांना बरंच वाटलं, की सोबत आहे, अंधारात एकटं जावं लागत नाही. शाळेच्या फाटकावर 'विद्यार्थ्यांना वाहन आणण्यास मनाई' असा फलक आहे. गाड्या त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीमागं लागतात. शिक्षकांना हे माहीत आहे, टपरीवाल्याला माहीत आहे, पालकांना माहीत आहे. अशा वातावरणात एखाद्या मुलाला "तू जबाबदारीनं वागला नाहीस" असं म्हणणं मला पटत नाही. तो जे करत होता त्याला साऱ्या गावाची मूक संमती होती.

ती पहाट

गाळपाचा हंगाम जोरात होता. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको: उसानं ओसंडलेल्या दोन ट्रॉल्या एकामागं एक जोडलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वरून धुकं. तिघांना घरून निघायला उशीर झाला होता. ट्रॉलीमागं हळूहळू जावं लागत होतं. मागून एक जण म्हणाला, "काढ की, किती वेळ मागं राहणार?" त्यानं गाडी काढली. समोरून जीपचा प्रकाश आला, त्यानं ट्रॉलीच्या पुढून गाडी डावीकडे घातली, चाक कच्च्यावर उतरलं आणि स्कूटर चारीत गेली.

दवाखान्यात काय सांगायचं हे रस्त्यावरच ठरलं. रस्ते अपघात म्हटलं की डॉक्टर एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद करतात, पोलिसांना कळवलं जातं, ही माहिती एका चुलत भावानं फोनवर पुरवली. म्हणून जिना. हाताला प्लॅस्टर झालं. त्याच संध्याकाळी आमचा मुलगा मित्राला बघायला त्याच्या घरी गेला, त्याच्या आईनं केलेला चहा प्यायला आणि जिना किती निसरडा आहे ते सांगून आला.

चार-पाच दिवसांत वर्गशिक्षकांच्या लक्षात आलं की क्लासच्या सरांना असं कुणी पडल्याचं माहीतच नाही. त्यांनी मुलाला माझ्याकडे पाठवलं.

पहिलं बोलणं

सुरुवातीलाच मी त्याला एक गोष्ट स्पष्ट केली. तू जे सांगशील त्यातलं बरंचसं माझ्यापाशी राहील, पण दुसऱ्या मुलाला झालेली दुखापत ही मला लपवून ठेवता येणार नाही. ते त्याच्या घरी कळलं पाहिजे. कोण सांगणार, कधी सांगणार, हे ठरवायला तुला दोन दिवस आहेत. ही सीमा आधी सांगितली नाही तर पुढचं सगळं बोलणं फसवणुकीवर उभं राहतं, असं माझं मत आहे. मुलं गप्प होण्याचा धोका असतो, तो पत्करावा.

तो गप्प झाला नाही. म्हणाला, "पण मॅडम, मी ठरवलं कुठं काय? पप्पांनी गाडी दिली, हे दोघं बसले, ट्रॉली मध्ये आली." हे निमित्त सांगणं नव्हतं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. आमच्या भिंतीवर जीवनकौशल्यांचा तक्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात मांडलेली दहा कौशल्यं त्यावर आहेत, निर्णय घेणं हे त्यातलं एक. त्याखाली पायऱ्या लिहिल्यात: समस्या ओळखा, पर्याय मांडा, फायदे-तोटे पाहा, निवडा. तक्ता चुकीचा नाही. पण त्यात एक माणूस शांत बसून, हातात वेळ घेऊन विचार करतोय असं चित्र आहे. या मुलाच्या सहा महिन्यांत असा क्षण एकदाही आला नव्हता. निर्णय त्याच्यावर येऊन आदळले आणि तो मान डोलावत गेला.

म्हणून पर्याय मांडण्याऐवजी आम्ही मागं गेलो. एका मोठ्या कागदावर त्यानं जूनपासून त्या पहाटेपर्यंतची साखळी लिहिली. मी एवढंच विचारत होते: इथे कुणी काय म्हटलं? तू काय म्हणालास? नाही म्हटलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. मोठी माणसं मुलांना 'हो' म्हटल्याचे तोटे सांगत बसतात: अपघात, दंड, बदनामी. ते तोटे मुलांना ठाऊक असतात. 'नाही' म्हटल्याची किंमत मात्र कुणी विचारत नाही, आणि मुलगा ती किंमत मनात मोजूनच वागत असतो. जूनच्या ओळीसमोर त्यानं लिहिलं, "क्लास बुडला असता. पप्पा म्हणाले असते, एवढे पैसे भरले." पहिल्या मित्राच्या ओळीसमोर काहीच नाही, कारण सोबत त्याला हवी होती. दुसऱ्या मित्रासमोर: "म्हणाला असता, गाडी मिळाली तर माजला." आणि ट्रॉलीच्या ओळीसमोर, बराच वेळ पेन फिरवून, दोनच शब्द: "घाबरट म्हणाले असते."

ते शब्द कागदावर आल्यानंतर मी त्याला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी तो २००५ साली प्रसिद्ध केला. तीन वयोगटांतल्या ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक खेळ दिला होता. दिवा पिवळा झाला की कधीही लाल होऊन टक्कर होऊ शकते, तोवर कुठपर्यंत पुढं जायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. काहींना एकटं खेळवलं, काहींना बरोबरीच्या दोघांसोबत. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी सोबती असताना कितीतरी जास्त धोका पत्करला. चोवीस वर्षांवरच्या गटात सोबत्यांमुळे फारसा फरक पडला नाही. मुलानं विचारलं, "म्हणजे एकटा असतो तर मी गाडी काढली नसती?" मी उत्तर दिलं नाही. त्यानंच थोड्या वेळानं सांगितलं की एकटा जायचा तेव्हा तो ट्रॉलीमागंच राहायचा, उजाडेपर्यंत.

मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याची समज शाबूत होती. एकटा असताना ती कामाला येत होती, मागं दोघं बसले की येत नव्हती. तेव्हा त्याला धोक्याची माहिती देऊन उपयोग नव्हता. मागं माणसं असताना तोंडातून काय निघेल याची तयारी हवी होती.

मित्राच्या घरी

दुसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन आजोबांना सांगितलं. वडिलांना नाही, आजोबांना. आबा त्याला घेऊन मित्राच्या घरी गेले. तिथे काय झालं ते मुलानं मला नंतर सांगितलं. मित्राचे वडील चिडले, आबांनी ऐकून घेतलं. आई मात्र रागावली नाही. म्हणाली, "गाडी पडते रे, कुणाचीबी पडते. पण माझ्यासमोर बसून चहा पिऊन गेलास आणि जिन्याचं सांगितलंस, ते मला लागलं."

मुलगा म्हणाला, "मॅडम, मारलं असतं तर बरं झालं असतं." मी त्याची समजूत काढली नाही. ते वाक्य त्याच्याजवळ राहायला हवं होतं. औषधपाण्याचा खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला. उरलेले दिवस मित्राच्या वह्या लिहून द्यायचं मुलानं स्वतःहून ठरवलं आणि प्लॅस्टर निघेपर्यंत ते केलं. आबा मध्ये नसते तर हे इतकं सरळ झालं असतं असं मी म्हणणार नाही. मुलांना सत्य सांगायचं धैर्य हवं असतं तसं, ज्याच्यासोबत जाऊन ते सांगता येईल असं एक मोठं माणूसही हवं असतं.

वडिलांशी बैठक

वडील आले ते अवघडून. पहिलं वाक्य अपेक्षित होतं: "सगळीच पोरं नेतात, मॅडम." मी त्यांना मोटार वाहन कायदा समजावून सांगितला. शाळांमध्ये हा भाग अर्धवट सांगितला जातो, म्हणून इथे नीट लिहिते.

१९८८च्या कायद्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवायला वय अठरा हवं. सोळा वर्षांनंतर सवलत आहे ती फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी, आणि तीही परवाना काढून. घरोघरी असलेल्या स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या, त्यामुळे ही सवलत त्यांना लागू होत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडी पालकाच्या संमतीनंच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरती काळजी घेतली होती, हे पालकानं सिद्ध करायचं. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही, शिकाऊसुद्धा नाही.

कैद आणि दंड ऐकताना वडिलांचा चेहरा बदलला नाही. पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही हे ऐकल्यावर बदलला. "म्हणजे बारावी झाल्यावर हा कामाला जाणार कसा?" कायद्याची भीती घालण्यापेक्षा त्यातला नेमका कोणता भाग या घराला भिडतो ते शोधावं लागतं, हे मला पुन्हा एकदा दिसलं.

मग मी विचारलं, जूनमध्ये गाडी कुणाच्या सोयीसाठी दिली? ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "माझ्याच." मुलगा शेजारी बसून ऐकत होता. आपल्या अडचणीचं ओझं आपण मुलावर टाकलं, असं एका बापानं मुलासमोर कबूल करणं सोपं नाही. त्यानंतर मुलाचं बोलणं बदललं. "पप्पांनी दिली" हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

पर्याय शोधणं

आता गाडी बंद. पण बंद म्हणजे काय? साडेसहाचा क्लास जागेवर होता, सव्वासातची एसटी जागेवर होती. पर्याय हाती न देता घातलेली बंदी आठवडाभर टिकते, हे टपरीमागच्या गाड्याच सांगतात. मी मुलाला काम दिलं: एका आठवड्यात क्लासला जायची दुसरी व्यवस्था शोध, तिचा खर्च आणि तिच्यातल्या अडचणी लिहून आण, आणि ज्यांच्याशी बोलावं लागेल त्यांच्याशी तूच बोल.

त्यानं आणलेला कागद कुठल्याही तक्त्यापेक्षा सरस होता. सायकल: अंधार आणि ट्रॉल्या, रद्द. ताशी पंचवीस किलोमीटरखालची, पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची विजेची गाडी: तिला परवाना लागत नाही, पण ती विकत घ्यायला पैसे नाहीत आणि अंधार तोच. एसटी: विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश खर्च, पण क्लासचा तासभर तरी बुडतो. संध्याकाळची बॅच: आहे, पण गणिताचे सर तिला वेगळे आहेत. वडिलांनी सोडणं: दूध. तिघांच्या वडिलांनी आळीपाळीनं सोडणं: कुणाला विचारलेलं नाही.

शेवटची ओळ त्यानं पुढं नेली. तो तिन्ही घरी स्वतः गेला. ठरलं असं की गणिताच्या तीन दिवशी तिघांपैकी एकाचे वडील दोघांना सोडतील आणि तिसरा दुसऱ्या एखाद्या गाडीवर कुणाबरोबर तरी येईल. बाकीचे दिवस एसटीनं शाळा आणि संध्याकाळची बॅच. वडिलांनी संकलन केंद्रावर एका दिवसाची पाळी बदलून घेतली. क्लासच्या सरांशी बोलताना मुलगा अडखळला, पण बोलला.

त्याचबरोबर आम्ही वाक्यांचा सराव केला. गाडी दिसली की मित्र म्हणणारच, "चल, एकदाच." मी मित्र व्हायचे, तो उत्तर द्यायचा. "लायसन नाही" हे उत्तर दोन क्षणांतच कोसळायचं, कारण लायसन कुणाकडेच नव्हतं. शेवटी त्यानं स्वतःच शोधलेलं वाक्य होतं, "चावी पप्पांकडं आहे, मागितली तर मार बसंल." मुख्याध्यापकांना हे रुचलं नाही. मुलानं स्वतःच्या विचारानं नकार द्यावा, वडिलांच्या आड लपू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण मी असहमत आहे. सोळाव्या वर्षी, मित्रांच्या घोळक्यात, तोंड वाचवून बाहेर पडायला वाट लागते. वडिलांचं नाव ही ती वाट असेल तर वडिलांनी ती खुशाल द्यावी. फक्त ते खोटं असू नये. म्हणून वडिलांनी त्या दिवसापासून चावी खरोखरच स्वतःच्या खिशात ठेवली.

वर्गात

या मुलाचं प्रकरण वर्गात मांडायचं नाही हे ठरलेलं होतं. वर्गाला मी कल्याणीनगरचं प्रकरण दिलं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि बाल न्याय मंडळानं घातलेल्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, हे मुलांना तोंडपाठ होतं. श्रीमंताला निबंध, गरिबाला कोठडी, यावर वर्ग पेटला. तो राग खरा आहे आणि मी तो थांबवला नाही. मग विचारलं, त्या रात्री गाडी सुरू होण्याआधी कोण कोण 'नाही' म्हणू शकलं असतं? फळ्यावर यादी लांबत गेली. त्यानंतर तीच यादी आपल्या सकाळसाठी करायला सांगितली. नावं नकोत, फक्त नाती. टपरीवाला यादीत आला, क्लासचे सर आले, शाळाही आली.

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला गाडी देतच नाहीत. आणि संध्याकाळच्या बॅचलाही पाठवत नाहीत. आम्ही काय ठरवायचं?" तिचं खरं होतं. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण अंधार पडल्यावर परतायची मुभा घरून मिळत नाही. मुलांसाठी आम्ही शोधलेला पर्याय त्यांच्यासाठी पर्यायच नव्हता. निर्णय घ्यायला शिकवण्याचे धडे आपण ज्यांना निर्णय घेऊ देतो त्यांच्यापुरतेच लिहिलेले असतात. त्या तासाला पुढची दिशा तिच्या प्रश्नानं दिली. मुलींनी मिळून आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहिला: पहिली एसटी पावणेसहाला सोडावी. अर्जावर मुलांनीही सह्या केल्या.

सध्याची स्थिती

आळीपाळीची व्यवस्था फेब्रुवारीपर्यंत जेमतेम चालली. एका वडिलांनी ऊसतोडीच्या धांदलीत हात वर केले, मग दोन घरांवर भार आला. पूर्वपरीक्षेच्या दिवशी एसटी चुकली तेव्हा मुलानं आबांकडून गाडीची दुसरी चावी घेतली आणि गाडी आणली. दुपारी येऊन मला सांगितलं, घरीही सांगितलं. वर्गशिक्षकांच्या मते सगळं पाण्यात गेलं. मला तसं वाटत नाही. तो एकटा आला होता, रस्त्यात हात दाखवणाऱ्या मित्राला त्यानं बसवलं नव्हतं, आणि लपवलं नव्हतं. तरी गाडी आणली हे चुकलंच, तेही मी त्याला सांगितलं. त्या संध्याकाळी घरात आबांसकट सगळे बसले आणि परीक्षेच्या दिवसांसाठी कोण सोडणार याची यादी केली. जूनमध्ये व्हायला हवी होती ती बैठक मार्चच्या तोंडावर झाली.

मनगट मोडलेल्या मित्राचा हात बरा आहे. तो एसटीनं येतो. तिसरा मुलगा दुसऱ्या एका गाडीवर मागं बसून येतो आणि त्याच्या घरच्यांशी माझं बोलणं अजून सुरू आहे. आगाराकडून उत्तर आलेलं नाही. मुलींनी दुसरा अर्ज तयार केला आहे, या वेळी तीन गावांच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडून.